परसातलं बिननावाचं झाड

सेइगोने आपल्या होणाऱ्या सासऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं की कुणीतरी दोनशे वर्षांचं खोड मुळासकट उपटून, त्याला किमोनो नेसवून चटईवर आणून बसवलं आहे. भुवया इतक्या दाट की चिमण्यांच्या एखाद्या जोडप्याने तिथे बिनभाड्याने संसार थाटावा. बोटं बघून ही माणसाची की आल्याची, असा प्रश्न पडावा. म्हातारा एकदा खोकला तर कागदी सरकदारं आपोआप दोन बोटं उघडली, शेजारच्या आवारातलं कुत्रं भुंकायचं थांबलं आणि मध्यस्थीला आलेल्या बाईंच्या हातातल्या पेल्यातला चहा त्यांच्याच मांडीवर गेला.

कार्यक्रम खरं तर मुलगी दाखवण्याचा होता. पण मुलीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कुमेझो होसोनुमाने मुलगा बघायला घेतला.

"उभा राहा," तो म्हणाला. "मोजे काढ."

सेइगोने मोजे काढले. कुमेझो गुडघ्यांवर रांगत आला, दोन्ही पावलं न्याहाळली, अंगठा दाबून बघितला.

"मुळं पसरट आहेत. चालतील." मग त्याने सेइगोचा कान दुमडून मागे बुरशी आहे का ते पाहिलं. "उन्हात वाकतोस?"

"वाकतो."

"मोडतोस?"

"अजून नाही."

"बघू."

सेइगोने घाईघाईने घरून आणलेला डबा पुढे केला. सायामाकडचा, त्यांच्या स्वतःच्या मळ्यातला पहिल्या खुडणीचा चहा. आईने तो डबा रेशमी फडक्यात असा काही बांधला होता की जणू आत राजघराण्यातलं बाळच आहे. कुमेझोने झाकण काढलं, वास घेतला.

"चहा म्हणजे छाटून छाटून बुटकं केलेलं कुंपण," तो म्हणाला. "तुम्ही लोक कुंपण उकळून पिता."

पडद्याआडून कुणीतरी खुदकन हसलं. ती मित्सुए. सेइगोने तिचा चेहरा धड पाहिलाही नव्हता. त्याने लग्न केलं ते त्या हसण्याशी. आणि म्हाताऱ्याने त्या दिवसापासून त्याचं नाव ठेवलं ते कुंपण.

युद्ध संपून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. सेइगो घरचा तिसरा मुलगा. त्याच्या वाट्याला मळा येणार नव्हता, येणार होती ती थोरल्या भावाची जुनी सायकल. तेव्हा आंग्योत घरजावई व्हायचं ठरलं. आडनावही सायामाला ठेवून यायचं. त्याला वाटलं होतं, गावात लोक हसतील. कुणी हसलं नाही. आंग्यो हे कलमं बांधणाऱ्यांचं गाव. इथे मूळ एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं हा रोजचा धंदा. ज्या घरात मुलगा नाही तिथे बाहेरून आणायचा, सांधा नीट बसवायचा, घट्ट बांधायचा आणि दोन-तीन वर्षं हलवायचा नाही, एवढंच.

होसोनुमांकडे मुलगा नव्हता असंही नाही. होता. सेइगोला पहिल्या सकाळी कामाचे कापडी बूट मिळाले ते त्याचेच. दोन बोटं आखूड. सेइगो लंगडत वाफ्यांत उतरला, तर कुमेझो म्हणाला, "पाय बसतील हळूहळू." बूट सैल होतील असं नव्हे, पाय बसतील. सेइगोचे पाय बसले नाहीत, पण बोटं वाकडी झाली ती आजतागायत तशीच आहेत.

त्या मुलाचं नाव इसाकु. त्याची हकिकत मित्सुएने लग्नानंतरच्या वर्षी सांगितली, मुळ्याच्या लोणच्यावर दगड ठेवता ठेवता, एका दमात.

युद्धात हुकूम निघाला होता की शोभेची झाडं उपटा आणि रताळी लावा. आंग्योत तीनशे वर्षं झाडंच लावत आलेली माणसं. त्यांनी रडत रडत पाइन उपटले, मॅग्नोलिया उपटले, मोमिजी, म्हणजे शरदात लाल होणारे मेपल, तेही उपटले. कुमेझोनेही उपटले. इसाकुने मात्र सैन्यात जायच्या आधीच्या शरदात मोमिजीच्या बियांचा एक ट्रे पेरून ठेवला होता. तेवढा कुमेझोने रताळ्याच्या वेलांखाली लपवला. तपासनीस आला तेव्हा बापलेक दोघं वेलांवर पाय पसरून बसले आणि दमल्याचं नाटक केलं. इसाकु गेला तो परत आला नाही. पांढऱ्या फडक्यात बांधलेली लाकडी पेटी आली. हलवली की आत खडखडायचं. कुमेझोने उघडली. आत नाव लिहिलेला कागद होता आणि एक खडा. आईने पुढल्या वर्षी छातीच्या दुखण्याने डोळे मिटले. आणि बाबांनी पेटी आली त्या दिवसापासून रताळं तोंडात घातलेलं नाही, असं म्हणून मित्सुएने लोणच्यावर दुसरा दगड ठेवला.

ट्रेमधली बाकीची रोपं साधीच निघाली. एक वेगळं निघालं.

ते परसात, विहिरीच्या मागे होतं. सेइगो आला तेव्हा त्याच्या छातीएवढं. पान सात बोटांचं, बारीक. नोव्हेंबरात बाकीचे मोमिजी एकदम पेटतात, तसं हे पेटायचं नाही. आधी पानाची कड लाल व्हायची, तीही इतकी अरुंद की कुणी नखाने ओढल्यासारखी, आणि मधला भाग सोन्यासारखा पिवळा राहायचा. मग रोज थोडी थोडी कड आत सरकायची. निखाऱ्यावर कुणीतरी अगदी हळू फुंकर घालतंय असं वाटायचं. शेवटच्या आठवड्यात सगळं पान लाल, फक्त शिरा सोन्याच्या. आंग्योतल्या माणसांनी मोमिजीचे शेकडो प्रकार पाहिले होते. असा कुणी पाहिला नव्हता.

त्याला नाव नव्हतं. होसोनुमांच्या घरची रीत अशी की नवं झाड परक्या मुळावर रंग दाखवेपर्यंत त्याला नाव द्यायचं नाही.

"आपल्या मुळावर कुणीही रंग दाखवतं," कुमेझो म्हणायचा. "मातीची मेहेरबानी असते ती. परक्या मुळावर दाखवा म्हणावं." आणि हे म्हणताना तो हटकून सेइगोकडे बघायचा.

पण परक्या मुळावर चढवायला कलम करावं लागतं, आणि ते तो करेना. "अजून लहान आहे," म्हणायचा. झाड घराच्या वळचणीला लागलं, तरी लहानच होतं. घरात सगळे त्याला नुसतं 'मागचं' म्हणायचे.

शेजारी बुम्पेई राहायचा. त्याचीही रोपवाटिका. दर नोव्हेंबरात तो न बोलावता यायचा, झाडापुढे उकिडवा बसायचा आणि तंबाखूची नळी विझेपर्यंत बघत राहायचा.

"एक डहाळी दे रे, कुमेझो."

"मेल्यावर."

"कोण मेल्यावर?"

"तू."

"मग मला काय उपयोग?"

"तेच म्हणतोय."

सेइगोचं म्हणाल तर तो खड्डे खणायचा, मुळांभोवती पेंढ्याची दोरी आवळायचा, पाणी घालायचा, तीन चाकी गाडी बाजारात न्यायचा. कलमाचा चाकू मात्र त्याच्या हाती आला नाही. साध्या खुंटावर साधी कलमं बांधायचं काम त्याला मिळालं तेही सातव्या वर्षी, दुसऱ्या एका बोथट चाकूने. चांगला चाकू म्हाताऱ्याच्या कमरेला. अंघोळीला जाताना तो हौदाच्या काठावर, झोपताना उशीखाली. सेइगोला त्या चाकूची इतकी आस लागली की एकदा मित्सुए म्हणाली, "अहो, माझ्याकडे असं कधी बघितलं नाहीत तुम्ही."

मूल झालं नाही. एकदा राहिलं होतं, चौथ्या महिन्यात गेलं. त्याच्या आधी कुमेझो जेवताना "सांधा धरला, पण फुटवा नाही" असली बोलणी करायचा. त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. त्या आठवड्यात त्याने सेइगोला नवे बूट आणून दिले. मापाचे.

अशी वीसेक वर्षं गेली. सत्तरी ओलांडल्यावर कुमेझोत एक नवल घडलं. तो नम्र झाला. ज्याने जन्मात कुणाला धड मान तुकवली नव्हती, तो रस्त्यात समोर येईल त्याला कमरेत वाकून नमस्कार करू लागला. पोस्टमनला, भाजीवालीला, शाळेतल्या पोरांना. एकदा तर दोरीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी कोटाला वाकला. गाव म्हणालं, म्हातारा पिकला बरं का. मंदिरातल्या पुजाऱ्याने त्याचं उदाहरण दिलं. बुम्पेई म्हणाला, "मरायला टेकलाय. हिशेब चुकता करतोय." म्हाताऱ्याला दिसत नाही हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. जे काही उभं दिसेल ते माणूस असू शकतं, एवढंच त्याला कळत होतं. आणि जवळ जाऊन डोळे बारीक करून बघण्यापेक्षा वाकणं त्याला सोपं वाटत होतं.

मग एका जूनमध्ये सेइगोला मागच्या झाडाच्या बुंध्याशी भुसा दिसला. बारीक, ओला, लाकडाचा. पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा भुंगा असतो. तो बुंध्यात अंडी घालतो आणि अळ्या आतून खोड पोखरतात. सेइगोने तार घालून पाहिली. तार कोपरापर्यंत गेली. कुमेझोने खोडाला कान लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"किती?" सेइगोने विचारलं.

"घर भरून."

त्याच आठवड्यात त्याने भेट कलमं बांधायला घेतली. झाडाभोवती बांबूचे माळे उभारले, त्यांवर साध्या डोंगरी मोमिजीची खुंटरोपं कुंडीसकट चढवली आणि मागच्या झाडाची एकेक डहाळी वाकवून, दोघांची साल तासून, खुंटाला जोडून बांधली. डहाळी आईच्या मुळावरच जगत असते आणि तिकडे परक्याशी सांधा धरत असते. सेइगो कुंड्या धरून उभा. म्हातारा बोटांनी चाचपत, एकदाही न चुकता बांधत गेला. सेइगोला वाटलं, काय हात आहे! डोळे मिटून काम करतो. ते खरंच होतं.

"खुंट डावीकडे, डहाळी उजवीकडे," कुमेझो दर कुंडीला बजावत होता. "भात डावीकडे, सूप उजवीकडे. जेवायला बसल्यासारखं. हे चुकलं की सगळं चुकलं."

"कळलं, बाबा."

"कुंपणाला काय कळणार? कुंपणाला डावं-उजवं नसतं."

सप्टेंबरात सांधे धरले. कुमेझोने डहाळ्या आईपासून कापून वेगळ्या केल्या आणि वीसेक कुंड्या परसात ओळीने उभ्या राहिल्या. एकेका कुंडीत दोन डोकी. डावीकडे खुंटाचं स्वतःचं, उजवीकडे मागच्या झाडाचं. खुंटाचं डोकं हिवाळ्यात, पानं नसताना उडवायचं असतं. मग मुळातला सगळा रस नव्या डोक्याला जातो.

नोव्हेंबरात कुंड्यांवर रंग चढला. डावीकडे नुसतं पिवळं, उजवीकडे ती लाल कड. बुम्पेई आला, उकिडवा बसला, एकेक कुंडी बघत रांगत गेला.

"चढला रे," तो म्हणाला. "परक्या मुळावर चढला."

कुमेझोने सेइगोकडे मान वळवली. "कड कुठपर्यंत आलीय? सांग बघू."

सेइगोला वाटलं परीक्षा चालू आहे. त्याने वाकून नीट पाहिलं. "वरच्या पानांवर निम्म्यावर. खाली अजून नखाएवढी."

"शिरा?"

"सोन्याच्या."

"हं." म्हातारा एवढंच म्हणाला, पण त्याच्या भुवया हलल्या. "नाव ठरलंय."

"काय?" बुम्पेईने आणि सेइगोने एकदमच विचारलं.

"वसंतात सांगतो. खुंटाचं डोकं उडालं, पानं फुटली की."

डिसेंबरात त्याची कंबर धरली. कुंड्या शेडमध्ये न्यायचं काम दरवर्षी तो स्वतः करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या वर्षी अंथरुणावरून उठवेना, म्हणून सेइगोने नेल्या. एकेक कुंडी पोटाशी धरून, श्वास रोखून. शेडला दक्षिणेकडे एकच मोठी खिडकी. नव्या फांद्या कोवळ्या, त्यांना ऊन लागावं म्हणून सेइगोने प्रत्येक कुंडीचं तोंड खिडकीकडे केलं. ओळ लावून झाल्यावर मागे सरून पाहिलं. छान दिसत होती. सगळी पोरं उन्हाकडे तोंड करून.

जानेवारीत कुमेझो उठला.

"या वेळी मी कापू का, बाबा?" सेइगोने विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"तू? सगळी एका उंचीची करशील. बाजारात जा. पाइनची रोपं पोचवायचीत."

सेइगो गेला. संध्याकाळी परतला तेव्हा परसात शेकोटी पेटली होती. मागचं झाड पडलं होतं. कुमेझोने त्याच्या मुळाशी मीठ आणि तांदळाची दारू, साके, वाहिली होती आणि बुम्पेईच्या मदतीने करवत चालवली होती. पोखरलेलं लाकूड ठेवायचं नसतं. आतल्या अळ्या उन्हाळ्यात भुंगे होऊन बाहेर पडतात. खोड, फांद्या, खणून काढलेली मुळं, शेडमधून निघालेली छाटणी, सगळं आगीत गेलं होतं. राखेत मित्सुएने रताळी पुरली होती.

"बाबांनी सांगितलं, पुर," ती सेइगोच्या कानाशी म्हणाली. तिचे डोळे धुराने की कशाने लाल झाले होते.

सेइगोने काठीने निखारे सारखे केले. एक जांभळट, तुकतुकीत डहाळी वर आली. मागच्या झाडाची साल हिवाळ्यात अशी जांभळी व्हायची. त्याला वाईट वाटलं. त्याने ती पुन्हा आत ढकलली.

कुमेझोने रताळं सोलायला घेतलं. तीस वर्षांनी. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने चावलं, गिळलं.

"चव तशीच आहे," तो म्हणाला. "वाईट."

मग अख्खं खाल्लं. दुसरं मागितलं. बुम्पेई हसून हसून खोकायला लागला. कुमेझोने कमरेचा चाकू म्यानासकट काढून सेइगोच्या पुढ्यात ठेवला.

"मला आता काही बांधायचं नाही. घे. बोट कापून घेऊ नकोस. कुंपणाला बोटं कमीच असतात."

सेइगोने दोन्ही हातांनी चाकू कपाळाला लावला आणि मग काही सुचेना म्हणून रताळ्यात तोंड घातलं. तोंड भाजलं. त्याला तो आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस वाटला.

एप्रिलमध्ये कुंड्यांना पानं फुटली.

पहिल्या कुंडीचं पान पाच बोटांचं निघालं. हिरवं, धट्टंकट्टं, डोंगरात कुठेही उगवतं तसलं. सेइगोला वाटलं, खुंटाला खालून फुटवा आला असेल. त्याने तो खुडायला हात घातला आणि बघितलं तर फुटवा खालून नव्हता. ती फांदीच होती. दुसऱ्या कुंडीवर तेच. तिसऱ्या कुंडीवर तेच. तो ओळीच्या टोकापर्यंत गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला. सांध्याच्या वर जिथे मागच्या झाडाची डहाळी असायला हवी होती, तिथे प्रत्येक कुंडीत एक स्वच्छ, तिरपा, सुंदर काप होता. म्हाताऱ्याचा काप. मेणाने नीट बंद केलेला.

तो घरात आला आणि उंबऱ्यावर बसला. मित्सुए रोजच्यासारखी भावाच्या आणि आईच्या फोटोंपुढे सकाळचा नैवेद्य ठेवत होती. तबक तिने फिरवलं. त्यांचं तोंड आपल्याकडे असतं, म्हणून तबक त्यांच्या बाजूने लावायचं. त्यांच्या डावीकडे भात, उजवीकडे सूप. आपल्या बाजूने बघितलं की भात उजवीकडे येतो.

सेइगो त्या तबकाकडे बघत राहिला.

"काय झालं हो?"

"मी कुंड्या खिडकीच्या बाजूने लावल्या," तो म्हणाला. "तोंड उन्हाकडे. आपल्या बाजूने सगळं उलटं. बाबांनी डावीकडचं कापलं."

मित्सुएला कळायला वेळ लागला नाही. ती याच गावात वाढली होती.

"पण बाबा बघतील ना," ती म्हणाली. "डहाळी कुठली, खुंट कुठला. जांभळी साल. लहान पोरालाही दिसेल."

"दिसायला हवी होती."

"काल त्यांनी टपालपेटीला नमस्कार केला," मित्सुए हळूच म्हणाली.

"नम्र झालेत," सेइगो सवयीने म्हणाला आणि थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग सेइगो उठून धावत परसात गेला. जिथे झाड होतं तिथे भुसभुशीत माती होती. मूळ शिल्लक नव्हतं, राख त्यानेच फेब्रुवारीत वाफ्यांना घातली होती. तो तसाच कुंपणावरून उडी मारून बुम्पेईच्या आवारात शिरला. बुम्पेई रोपांना दोरी बांधत होता.

"बुम्पेईकाका, खरं सांगा. रागावणार नाही. तुम्ही आमच्या मागच्या झाडाची डहाळी कधी चोरली होती का?"

बुम्पेईचा चेहरा लालबुंद झाला. "मी? चोर? तुझ्या सासऱ्याने पाठवलं का तुला? सांग त्याला, या बुम्पेईने पंचेचाळीस वर्षांत कुणाचं पानसुद्धा..."

"नाही हो. नीट आठवा. एकदा तरी? एखादी काडी? कुठे लावून ठेवली असेल मागे?"

बुम्पेईने त्याच्याकडे नीट पाहिलं. सेइगोने काय झालं ते सांगितलं. बुम्पेई हातातली दोरी गुंडाळायला लागला, गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिला.

"तीनदा आलो होतो," शेवटी तो म्हणाला. "कात्री घेऊन. तुमच्या विहिरीपर्यंत. एकदा हातही घातला फांदीला." त्याने नाक पुसलं. "लाज वाटली रे. परत आलो. चोरायला हवी होती. माझ्यासारखा मूर्ख मीच."

कुमेझोला सांगायचं कसं यावर नवरा-बायकोने आठवडा घालवला. त्याची गरज पडली नाही. मेच्या सुरुवातीला तो आपण होऊनच शेडमध्ये गेला. सेइगो मागोमाग गेला. म्हाताऱ्याने पहिल्या कुंडीचं पान बोटांत धरलं आणि त्याचं एकेक टोक चाचपलं. पाच. पुन्हा चाचपलं. मग बोट फांदीवरून खाली, सांध्यापर्यंत, आणि सांध्यावरून त्या कापावर. तिथे थांबलं. मग दुसरी कुंडी. त्याने एकही कुंडी सोडली नाही.

"मी कुंड्या उलट्या लावल्या होत्या, बाबा," सेइगो म्हणाला. "ऊन लागावं म्हणून. चूक माझी."

"कापलं कुणी?"

सेइगो एक कुंडी सरळ करायला वाकला.

"विचारतोय, कापलं कुणी?"

"तुम्ही."

"मग मध्ये बोलू नकोस." तो उभा राहिला. कुठे उभा आहे हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने हात पुढे केला आणि सेइगोचा खांदा लागेपर्यंत हवेत फिरवला. लागल्यावर धरला. सेइगोला वाटलं, आता शिवी येईल. निदान कुंपण तरी म्हणेल. दारापर्यंत गेल्यावर कुमेझो म्हणाला, "पाणी घाल त्यांना. खुंटाचा काय दोष? त्याला कुणी विचारलं होतं?"

त्या रात्री तो जेवला. दुसऱ्या दिवशीही. मित्सुए त्याच्या भाताकडे बघत होती, पण त्याने वाडग्यात एक शीत ठेवलं नाही. इसाकुच्या फोटोपुढे मात्र त्यानंतर तो बसला नाही. तिकडून जायची वेळ आली की भिंतीला धरून, मान वळवून जायचा.

बुम्पेईने आग्रह धरला म्हणून उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "आता का?" कुमेझो म्हणत होता. "आता बघायला काय आहे?"

"मला बघ," बुम्पेई म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय."

हे त्याचं शेवटचं चांगलं बोलणं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर स्वतःवर फार खूश होते. पट्टी निघाली तेव्हा म्हाताऱ्याला खिडकीबाहेरच्या तारेवरचा पक्षी दिसला, पक्ष्याची चोच दिसली. गावात त्याने नमस्कार करायचं बंद केलं आणि लोक म्हणाले, पुन्हा होता तसा झाला.

नोव्हेंबरात तो परसात वेताच्या स्टुलावर बसायचा. समोर वीसेक कुंड्या. त्याला एकेक पान स्वच्छ दिसत होतं. सेइगो पाणी घालताना मुद्दाम आडवा उभा राहायचा.

"बाजूला हो," कुमेझो म्हणायचा.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. ठरवलेलं नाव त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

कुंड्या सेइगोने एकाच गिऱ्हाइकाला दिल्या. पलीकडच्या गावातल्या पाचिन्कोच्या, म्हणजे पोलादी गोळ्यांच्या जुगाराच्या, दुकानाला गाडीतळाच्या कडेने सावलीची झाडं हवी होती. आता ती दुकानाच्या पाटीएवढी झाली आहेत. नोव्हेंबरात पिवळी होतात. पानं गाड्यांवर पडतात म्हणून मालकाने दोनदा छाटून घेतली.